सीझन संपेपर्यंत थांबता का येत नाही?

फिगर स्केटिंगमधली एखादी नावाजलेली खेळाडू ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाहीर करते, की यंदाच्या उरलेल्या स्पर्धांतून मी माघार घेतेय, तब्येतीकडे आणि मनाकडे लक्ष द्यायचंय. आपल्याकडे त्यावर ठरलेला प्रश्न येतो: इतकी वर्षं घातली, मग आणखी चार-पाच महिने काढले असते तर काय बिघडलं असतं? नाशिकमध्ये स्पर्धेच्या मापाची, म्हणजे ६० बाय ३० मीटरची, बर्फाची रिंक नाही. इथली मुलं चाकांवर स्केटिंग करतात, बाकीची धावतात, पोहतात, नौका वल्हवतात. पण रिंकबाहेर स्कूटी लावून मुलीची वाट बघणाऱ्या आईबाबांना कधी ना कधी हाच प्रश्न पडतो. म्हणून त्याचं उत्तर जरा तपशिलात.

आधी त्या चार-पाच महिन्यांत काय काय असतं ते बघू. आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. ज्युनिअर ग्रां प्री (महासंघाची वेगवेगळ्या देशांत होणारी स्पर्धामालिका) ऑगस्टच्या शेवटी, सीनिअरच्या छोट्या स्पर्धा त्याच सुमारास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ग्रां प्रीच्या सहा स्पर्धा, डिसेंबरात तिची फायनल, डिसेंबर-जानेवारीत देशोदेशीच्या राष्ट्रीय स्पर्धा, मग युरोपियन किंवा (युरोपबाहेरच्या देशांसाठी) फोर काँटिनेंट्स, आणि मार्चमध्ये जागतिक. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. 'सीझन संपेपर्यंत' म्हणजे चार-पाच स्पर्धा, तेवढे विमानप्रवास, तेवढ्या वेळा झोपेचं घड्याळ उलटंसुलटं, आणि स्पर्धा नसलेल्या प्रत्येक दिवशी संपूर्ण प्रोग्रॅमचा, म्हणजे संगीतावर बसवलेल्या सादरीकरणाचा, सराव. शरीर आणि मन झिजतं ते या सरावात. स्पर्धेचे दिवस त्या मानाने मोजकेच.

माघारीची किंमतही आकड्यांत मांडलेली असते. ग्रां प्रीत एका खेळाडूला जास्तीत जास्त दोन स्पर्धा मिळतात. पहिल्या क्रमांकाला १५ गुण, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला ११, असं उतरत आठव्याला ३. सहाही स्पर्धांचे गुण धरून वरचे सहा जण फायनलला जातात. एक स्पर्धा सोडली की कमाल १५ वर अडकलात, फायनल जवळपास हातची गेली. म्हणजे माघार घेणाऱ्या खेळाडूला आपण काय गमावतोय हे पक्कं ठाऊक असतं. शिवाय तिची जागा राखीव यादीतल्या कुणाला मिळते, आणि त्या कुणाला व्हिसा, तिकीट, सराव यासाठी दिवस लागतात. लवकर कळवणं हा सभ्यपणाचाही भाग आहे.

आपल्या शालेय स्पर्धांत हिशेब वेगळा, आणि एका अर्थाने जास्त कठोर. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना असल्यामुळे जिल्हा चुकला की ते वर्ष गेलं. दहावी-बारावीच्या मुलांना वर क्रीडा गुणांची चिंता, आणि पुढे सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाची आशा. त्यामुळे पालक 'एवढं जिल्ह्याचं होऊन जाऊ दे' म्हणतात तेव्हा ते निव्वळ हट्टाने म्हणत नाहीत. मात्र त्या वाक्यापाठोपाठ 'आता विभागाचं' येतं, मग 'राज्याचं', आणि दुखणं अंगावर काढणं तसंच चालू राहतं.

हवेतले सहा दशांश सेकंद

धावपटू मनाने थकली तर वेळ वाढते. स्केटर मनाने थकली तर ती पडते. फरक एवढा सरळ आहे.

तिहेरी उडीत स्केटर हवेत असते साधारण ०.६ सेकंद. तेवढ्यात तीन फेऱ्या घ्यायच्या, हात-पाय अंगाशी घट्ट ओढायचे, नेमक्या क्षणी उघडायचे आणि एका पायावर, मागे सरकत, पात्याच्या बाहेरच्या धारेवर उतरायचं. तो धक्का शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट असतो, म्हणजे ४५ किलोच्या मुलीच्या एका पायावर सव्वादोनशे ते साडेतीनशे किलोचा भार. यातलं काहीही विचार करून करता येत नाही. विचार करायला वेळच नसतो. सगळं सवयीने घडतं, आणि अपुरी झोप, सततची धास्ती, एकाग्रता तुटणं यांचा पहिला मार त्या सवयीवर बसतो.

मार बसला की दोन गोष्टी दिसतात. एक, 'पॉप': उडी घेतल्यावर शरीर आपोआप उघडतं आणि तिहेरीची एकेरी होते. गुण जातात, पण इजा सहसा टळते. दुसरी धोक्याची: फेरी पूर्ण व्हायच्या आत पाय टेकतो, उरलेला पीळ घोट्यात आणि गुडघ्यात जातो. जिम्नॅस्टिक्समध्ये याचा भाऊबंद म्हणजे 'ट्विस्टीज', हवेत आपण नेमके कुठे आहोत याचं भान सुटणं. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने सांघिक फायनलमध्ये व्हॉल्टवर (धावत येऊन हात टेकून उडी घ्यायचं उपकरण) अडीच पिळांची उडी ठरवली होती, झाले दीडच. तिने तिथेच थांबायचं ठरवलं. तेव्हा तिला पळपुटी म्हणणारे पुष्कळ निघाले. पण डोक्यावर उतरण्याची शक्यता समोर असताना उडी नाकारणं हा त्या क्षणी उपलब्ध असलेला सर्वांत व्यावसायिक निर्णय होता. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णं आणि एक रौप्य घेतलं.

इथे नाशिककर एक उदाहरण हमखास पुढे करतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१८ च्या आशियाई स्पर्धेत अंगात ताप असताना सिंगल स्कल्सच्या (एकट्याने नौका वल्हवण्याच्या) अंतिम शर्यतीत शेवटचे आले आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत त्यांनी सुवर्ण जिंकलं. गोष्ट खरी आहे आणि अभिमानाचीही. पण तो ताप एका आठवड्यातला होता, आणि नौकेत हवेत तीन फेऱ्या घ्यायच्या नसतात. चार महिने मुरलेल्या थकव्याला हा दाखला लावू नये.

खाणं कमी पडतं तेव्हा

मानसिक कारणाने घेतलेली माघार असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्याच्या तळाशी अन्न असतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव दिलं: 'रेड-एस', म्हणजे खेळात शरीराला मिळणारी ऊर्जा सापेक्षाने कमी पडणं. हिशेब घरी करता येतो.

मुलीचं वजन ४५ किलो, त्यात चरबी साधारण १८ टक्के. उरलं ३७ किलो. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरीतून व्यायामात जळलेल्या वजा करा आणि ३७ ने भागा. उत्तर ४५ च्या आसपास असेल तर ठीक. ३० च्या खाली बरेच दिवस राहिलं तर शरीर काटकसर सुरू करतं. ही काटेकोर रेघ नव्हे, माणसागणिक फरक पडतो, पण अंदाजाला पुरेशी आहे.

आता एक नेहमीचा दिवस घ्या. पहाटे साडेपाचला चहा आणि दोन बिस्किटं, मग सराव. डब्यात दोन पोळ्या आणि भाजी. संध्याकाळच्या सरावाआधी एक केळं. रात्री दोन पोळ्या, वरण, थोडा भात. सगळं मिळून ११०० कॅलरींच्या आसपास. दोन सत्रांत ५०० जळल्या. उरल्या ६००, भागिले ३७, उत्तर १६. घरात कुणी तिला उपाशी ठेवलेलं नाही, तीही डाएट वगैरे करत नाही. सगळ्यांच्या मते ती 'नीट जेवते'. तरी आकडा ३० च्या निम्म्यावर. ४५ गाठायला तिला दिवसाला जवळपास २१५० कॅलरी लागतील, म्हणजे आत्ताच्या दुप्पट. सरावाआधी केळं आणि दूध, सराव संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोहे किंवा उपमा आणि अंडं, डब्यात चार पोळ्या आणि उसळ, संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू आणि दही असं वाढवत गेलं की जमतं. एकाच जेवणात कोंबून जमत नाही.

काटकसर करणारं शरीर आधी पाळी थांबवतं. 'खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं' ही रिंकवर फिरणारी समजूत पूर्ण चुकीची आहे. सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञ गाठायचे. यात वाट बघण्यासारखं काही नाही, कारण इस्ट्रोजेन घटलं की हाडं भरणं मंदावतं आणि किशोरवय हाच हाडं भरण्याचा काळ असतो. पुढची पायरी म्हणजे पावलाच्या किंवा नडगीच्या हाडाला बारीक चीर. त्याबरोबर चिडचिड, झोप न लागणं, सतत थंडी वाजणं, किरकोळ सर्दी न जाणं. मुलांमध्ये पाळीची खूण नसते म्हणून तिथे हे आणखी उशिरा कळतं.

वजन कमी असलं की फेऱ्या सोप्या जातात, हे भौतिकशास्त्र खोटं नाही, म्हणूनच या खेळात हा धोका जास्त आहे. महासंघाने २०२२ मध्ये सीनिअर स्पर्धेचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेलं, त्यामागे कोवळ्या मुलींच्या शरीर-मनाची हीच काळजी होती.

थकवा कुठला, आजार कुठला

तीन पायऱ्या ओळखायच्या. कठीण आठवड्यानंतर कामगिरी घसरते आणि काही दिवसांच्या ते फार तर दोन आठवड्यांच्या विश्रांतीने वर येते, आधीपेक्षा चांगली होते: हा सरावाचा भागच आहे. विश्रांती घेऊनही कित्येक आठवडे घसरण थांबत नाही: ही दुसरी पायरी, इथे थांबायलाच हवं. आणि काही महिने उलटले तरी शरीर परत येत नाही: याला ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या पायरीवर दिलेले तीन आठवडे तिसऱ्या पायरीवरचं अख्खं वर्ष वाचवतात. सीझन संपेपर्यंत का थांबत नाही, याचं सर्वांत थेट उत्तर हे आहे.

मनाच्या बाजूने ऑलिंपिक समितीच्या गटाने एक तपासणीपद्धत बनवलीय, १६ वर्षांवरच्या खेळाडूंसाठी. पहिल्या टप्प्यात दहा प्रश्न, गेल्या ३० दिवसांबद्दल, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज १७ किंवा जास्त आली तर पुढच्या प्रश्नावल्या: चिंता, नैराश्य, झोप, दारू, इतर पदार्थ, खाण्याच्या सवयी. हे निदान नाही, चाळणी आहे. चाळणीत अडकलेल्याला डॉक्टरांनी बघायचं असतं. प्रशिक्षकाने प्रश्नावली भरून घेऊन स्वतः निकाल सांगणं हे होता कामा नये.

घरी लक्षात येणाऱ्या खुणा साध्या असतात. रविवारी रात्री पोट दुखणं. किट भरायला उशीर करणं. पूर्वी पडल्यावर हसणारी मुलगी आता पडल्यावर रिंकच्या कडेला जाऊन स्केटच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधत बसणं. एखाद-दुसरा दिवस असं सगळ्यांचं होतं. दोन आठवडे रोज होत असेल तर विषय काढा. जिवाचं बरंवाईट करण्याचं कुठलंही बोलणं, चेष्टेतलंही, दोन आठवडे थांबवण्याचं नाही. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. नाशिकमध्ये 'सिव्हिल', म्हणजे जिल्हा रुग्णालय, हाही रस्ता खुला आहे.

एक गोष्ट वेगळी काढायलाच हवी. त्रासाचं कारण प्रशिक्षक किंवा संघातलं कुणी असेल, अंगाला हात लावणं, घाणेरडं बोलणं, एकटीला बोलावणं, तर त्यावर 'ब्रेक' हा उपाय नाही. अठराखालच्या मुलांबाबत पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या संरक्षणाचा कायदा लागतो, माहिती असलेल्या प्रत्येकाने कळवणं त्यात बंधनकारक आहे, आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करता येतो.

थांबायचं ठरलं, आता काय

तोंडी नव्हे, लेखी कळवा. जिल्हा संघटनेला आणि शाळेला, प्रवेशिकेची मुदत संपायच्या आत, आणि पोच घ्या. कारण एका ओळीत पुरतं: 'वैद्यकीय सल्ल्याने या हंगामातील स्पर्धांतून माघार घेत आहे.' निदान लिहायची गरज नाही, ते विचारायचा हक्कही कुणाला नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खुलासा टाकायचा मोह टाळा. एका खुलाशाला दहा सल्ले येतात, आणि ते मुलगी वाचते.

स्पर्धेतच अर्ध्यावर थांबायची वेळ आली तरी चालतं. अमेरिकेची ग्रेसी गोल्ड, २०१४ च्या सोची ऑलिंपिकमधली सांघिक कांस्यपदक विजेती, नैराश्य, चिंता आणि खाण्याच्या विकारामुळे २०१७ च्या ग्रां प्रीतून बाहेर पडली. २०१८ मध्ये मॉस्कोच्या स्पर्धेतून खेळात परतली, शॉर्ट प्रोग्रॅम (ठरावीक घटकांचं पहिलं, छोटं सादरीकरण) केला आणि फ्री स्केटिंगआधी (दुसरं, मोठं सादरीकरण) माघार घेतली, म्हणजे घाईच झाली होती. जानेवारी २०२० ला अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत ती बारावी आली. उलट कॅनडाची गॅब्रिएल डेलमन, २०१७ च्या जागतिक स्पर्धेतली तिसरी, २०१८ च्या शरदात ग्रां प्रीतून बाहेर पडली आणि मार्च २०१९ च्या जागतिक स्पर्धेत उतरली. अमेरिकेची अलिसा लिउ सोळाव्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये निवृत्त झाली, २०२४ मध्ये परतली, आणि मार्च २०२५ मध्ये बॉस्टनला जागतिक विजेती ठरली. किती दिवस लागतील याचं एक उत्तर नाही. तारीख आधी जाहीर करू नये एवढंच यातून घ्यावं.

उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत यादीत नाव असलेल्या वरच्या खेळाडूंसाठी एक सापळा आहे. ब्रेक म्हणजे निवृत्ती नव्हे. ब्रेकमध्येही रोज पहाटे ५ ते रात्री ११ मधला एक तास 'मी इथे सापडेन' असा कळवत राहावाच लागतो, आणि बारा महिन्यांत तीन चुका म्हणजे नियमभंग. वैतागून लेखी निवृत्ती दिली तर परत स्पर्धेत उतरण्याआधी सहा महिने चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं. म्हणून रागाच्या भरात निवृत्तीचा कागद देऊ नये.

औषधांची भीती मात्र बरीचशी अनाठायी. नैराश्यावरची सर्ट्रालिनसारखी औषधं बंदी घातलेल्या यादीत नाहीत. एकाग्रतेच्या विकारावरचं मिथाइलफेनिडेट स्पर्धेच्या काळात बंदीत येतं, त्यासाठी आधी वैद्यकीय सवलतीचा अर्ज लागतो. सर्ट्रालिनचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे जातात, त्यामुळे 'स्पर्धेपुरती गोळी' असं काही नसतं, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करणं हा सर्वांत जास्त वेळा होणारा घोटाळा.

परतताना

दम दहा-चौदा दिवसांत उतरायला लागतो, ताकद तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते. यामुळे एक फसगत होते: मुलगी परतते, पायात जोर असतो, पहिल्याच दिवशी उंच उडी निघते, पण दम आणि टायमिंग मागे राहिलेलं. प्रोग्रॅमच्या शेवटच्या मिनिटात, थकलेल्या पायावर, तीच उडी अपुरी पडते. क्रम असा ठेवा: जमिनीवरचा व्यायाम आणि दोरीउड्या, मग नुसतं स्केटिंग आणि धारांचा सराव, मग एकेरी उड्या, दुहेरी, तिहेरी, आणि सगळ्यात शेवटी संगीतासह पूर्ण प्रोग्रॅम. तोही आधी अर्धा. उड्यांची संख्या आणि अवघडपणा एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. तीन आठवडे पूर्ण बंद असेल तर परतीला किमान तेवढेच द्या. वाढत्या वयाच्या मुलीचे बूटही तपासा. दोन महिन्यांत पाऊल वाढलेलं असतं आणि घोटा दुखतो तो बुटामुळे, दोष मात्र ब्रेकला जातो. पुढच्या वर्षी आठवड्याला किमान एक दिवस पूर्ण सुट्टी आणि सरावाचे साप्ताहिक तास मुलीच्या वयाच्या आकड्याच्या आत, हे वेळापत्रकातच लिहून ठेवा.

पहिली स्पर्धा लहान निवडा आणि प्रोग्रॅम सोपा ठेवा. प्रशिक्षक सर म्हणतील, तिहेरी लुट्झ (उडीचा एक अवघड प्रकार) प्रोग्रॅममधून वगळली तर गुण जातील. बर्फावरच्या गुणपद्धतीत मोजून बघा. तिहेरी लुट्झचे मूळ गुण ५.९०, दुहेरीचे २.१०. तिहेरीवर पडली तर परीक्षकांचे उणे पाच, म्हणजे निम्मे गुण कापले जाऊन २.९५ उरतात, आणि पडण्याचा वेगळा एक गुण वजा. हातात १.९५. स्वच्छ दुहेरीचे २.१० त्याहून जास्त. मात्र हे गणित फ्री स्केटिंगपुरतंच. सीनिअर शॉर्ट प्रोग्रॅममध्ये त्या जागी तिहेरी सक्तीची असते आणि दुहेरीला शून्य मिळतो, त्यामुळे तिहेरी अजून बसलेली नसेल तर शॉर्ट असलेल्या स्पर्धेची प्रवेशिका भरायलाच घाई करू नये.